चिरलेला गिअर चिकटवू नका, बदलाच
तुमचं एचओ (मॉडेल रेल्वेचं एक माप) इंजिन टक-टक करत अडखळतंय आणि अ‍ॅक्सलवरचा (चाकांच्या दांड्यावरचा) गिअर चिरलाय म्हणताय, तर त्याला फेविक्विक लावू नका प्लीज. हे गिअर बहुतेक अ‍ॅसिटलचे म्हणजे डेलरिन या प्लास्टिकचे असतात, त्यावर गोंद नीट धरतच नाही, आणि धरला तरी चिरेपाशी दोन दातांतलं अंतर वाढलेलंच राहतं मग टक-टक कशी जाणार. अ‍ॅक्सलवर गिअर घट्ट दाबून बसवलेला असतो म्हणून तडकतो, त्यामुळे एक गेला की बाकीचेही भिंगाखाली बघाच. नवीन घेताना दात मोजा, अ‍ॅक्सलची जाडी व्हर्नियरने घ्या, आणि बसवल्यावर दोन चाकांमधलं अंतर गेजने तपासा नाहीतर पॉइंट्सवर (गाडी रूळ बदलते तिथे) गाडी रुळावरून उतरते. बॉडीचा तुकडा पॉलिस्टायरीनचा असेल तर मात्र सॉल्व्हंट सिमेंट मस्त, प्लास्टिक विरघळवूनच जोडतं.