ग्रँड लॉज ऑफ इंडियाचा इतिहास: वाचायला कुठून घ्यावा?

फोर्टातला_फिरस्ता
मुंबईच्या फोर्टात फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) या जुन्या बंधुसंघटनेचा फ्रीमेसन्स हॉल आहे; त्यावरून जाताना दर वेळी कुतूहल चाळवतं. शोधायला जावं तर 'जगावर राज्य करणारी गुप्त संघटना' छापाचे व्हिडिओ अंगावर येतात. ते नकोत. ग्रँड लॉज ऑफ इंडिया, म्हणजे इथल्या मेसनांची मध्यवर्ती संस्था, कशी उभी राहिली, तिच्याआधी इथे कोणाचं चालायचं, हे धड सांगणारं काही आहे का? इंग्रजी चालेल. जाणकारांनी सुचवा.

जुनं_दप्तर
१९६१ पासून उलटं वाचत जा. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला दिल्लीत ही संस्था स्थापन झाली. पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, रामपूरचे नवाब रझा अली खान. त्याआधी इथल्या लॉजेसना, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखांना, सनद मिळायची ती इंग्लंड, स्कॉटलंड नाहीतर आयर्लंडच्या ग्रँड लॉजकडून. त्या तिघांच्या संमतीनेच नवी संस्था झाली, पण सगळी लॉजेस तिच्यात आली नाहीत. काही जुन्याच सनदेवर राहिली, आजही आहेत. हे डोक्यात नसेल तर पुढे पदोपदी गोंधळ उडतो.

पुस्तक एकच सांगतो: जेसिका हार्लंड-जेकब्स यांचं 'बिल्डर्स ऑफ एम्पायर'. ते १९२७ पाशी थांबतं, म्हणजे तुमचं १९६१ त्यात नाही. तरी साम्राज्याबरोबर लॉजेस कशी पसरली ते त्यातच नीट कळतं. लॉजेसच्या स्मरणिका नंतर बघा, त्यात पदाधिकारी नि मेजवान्याच फार.

कावेरीकाठ
+१. कलकत्त्यासाठी फर्मिंजर यांचं बंगाल-पंजाबवरचं १९०६ चं पुस्तक जोडा. जुनाट भाषा, पण फोर्ट विल्यममधल्या १७३० च्या लॉजपासूनची हकिकत मिळते.

फोर्टातला_फिरस्ता
आभार! 'लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स' ही लॉजेसची ऑनलाइन सूची चाळतोय. मुंबईचं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' त्यात दिसत नाही. असं कसं?

जुनं_दप्तर
दिसणारच नाही. लेनची सूची इंग्लंडच्या सनदेवरच्या लॉजेसची, तीही १८९४ पर्यंतची. रायझिंग स्टार स्कॉटलंडचं.

त्याची गोष्ट मात्र मुळातून वाचा. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या लॉजने दारातून परत पाठवलं. त्यांनी १८४३ मध्ये थेट पॅरिसला दीक्षा घेतली, म्हणजे विधिपूर्वक मेसन झाले! त्याच वर्षी स्कॉटिश मेसनांचे इथले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना प्रवेश देणारं रायझिंग स्टार काढलं. माझ्या मते १९६१ चं बीज इथे आहे. त्याचे कागद हवे असतील तर एडिंबरोला, ग्रँड लॉज ऑफ स्कॉटलंडकडे विचारा.

चौकस_चंपा
व्हॉट्सॅपवर 'हे थोर पुरुषही मेसन होते' अशा याद्या फिरतात. त्यांचं काय करायचं?

जुनं_दप्तर
लॉजचं नाव आणि दीक्षेची तारीख मागायची. विवेकानंदांबाबत दोन्ही मिळतं: 'अँकर अँड होप', कलकत्ता, १८८४, अर्थात तेव्हा ते नरेंद्रनाथ दत्त होते. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची १७५१ ते १९२१ ची सभासद-रजिस्टरं अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळी शोधायच्या संकेतस्थळावर आहेत. एकेका ओळीत नाव, वय, राहण्याचं ठिकाण, व्यवसाय आणि दीक्षेची तारीख. हस्ताक्षर किचकट आणि भारतीय नावांच्या स्पेलिंगची पार वाट लागलेली, म्हणून नावाने शोधू नका. लॉज उघडा नि पानं उलटत जा.

चौकस_चंपा
वर्गणी भरावी लागते का?

कावेरीकाठ
अ‍ॅन्सेस्ट्रीला लागते. लेनची सूची फुकट आहे, आधी ती संपवा.