फुटबॉल म्युझियमची सहल: आधी डीपडेलला जाऊ या

मंडळी, सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीत मुलांना मँचेस्टरचं नॅशनल फुटबॉल म्युझियम दाखवायचा विचार आहे. व्हिक्टोरिया स्टेशनपासून अगदी जवळ, काचेची उतरती इमारत. मँचेस्टर महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना प्रवेश फुकट, बाकीच्यांना तिकीट. हे म्युझियम पूर्वी प्रेस्टनला होतं, पण तिकडे कोण जाणार? मोठ्या शहरात आणलं ते बरं झालं. रविवारपर्यंत नावं कळवा.

— सचिव

*

सचिवसाहेब, नमस्कार.

आमच्या घरची चार नावं धरा. पण "तिकडे कोण जाणार" हे वाचून गप्प बसवेना. मी प्रेस्टनला राहते. म्युझियम हलवायला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे.

2001 साली ते डीपडेलला सुरू झालं, म्हणजे प्रेस्टन नॉर्थ एंड या आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानाला लागून, स्टँडच्या पोटातच. 1878 पासून त्या मैदानावर फुटबॉल चालू आहे. 1884 मध्ये याच क्लबचा कारभार बघणाऱ्या विल्यम सडेलने उघड सांगितलं की होय, आम्ही खेळाडूंना पैसे देतो. तेव्हा याला मनाई होती. त्यापायी संघ एफए कप स्पर्धेतून बाद झाला, पण पुढच्याच वर्षी ती स्पर्धा भरवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनला (एफए) व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली. गिरणीत राबणाऱ्या पोराला फुटबॉलवर राजरोस पोट भरता येऊ लागलं ते तेव्हापासून. मग 1888-89 ची पहिलीवहिली लीग प्रेस्टनने जिंकली: 22 सामने, 18 विजय, 4 बरोबरी, हार एकही नाही. त्याच मोसमात एफए कपही घेतला, तोसुद्धा एकही गोल न खाता.

स्टँडबाहेर टॉम फिनीचा पुतळा आहे. 1956 साली पाणी साचलेल्या मैदानावर तो चेंडूमागे घसरत गेला, त्या फोटोवरून घडवलेला. एक पाय पुढे ताणलेला, एक हात मागे जमिनीकडे, आणि भोवती कारंज्याचं पाणी उसळतंय. इंग्लंडकडून 76 सामने खेळलेला हा माणूस पेशाने प्लंबर होता आणि लीगमधली सगळी कारकीर्द त्याने याच क्लबकडून केली. म्युझियम होतं तेव्हा तो पुतळा बघायचा आणि तसंच आत शिरायचं. 2010 मध्ये इथलं म्युझियम बंद झालं, 2012 मध्ये मँचेस्टरला उघडलं. पुतळा मागे राहिला.

आणि 2019 पासून मँचेस्टरकरांना फुकट, प्रेस्टनकरांना तिकीट! हे मला फार लागतं. खासबागेजवळ कुस्तीचं राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं आणि दहा वर्षांनी "मुंबईत लोक जास्त येतील" म्हणून कुणी ते उचलून नेलं, तर कोल्हापूर ऐकून घेईल का?

*

ताई, नमस्कार.

तुमची तळमळ पोचली. पण प्रेस्टनला त्या म्युझियमची पैशांची ओढाताण संपत नव्हती. मँचेस्टर महापालिकेने इमारत दिली, खर्चाला हात दिला आणि बघणारे कित्येक पटींनी वाढले. नाहीतर 1966 च्या वर्ल्ड कप फायनलचा चेंडू आज कुठल्या खोक्यात पडून असता. शिवाय फुटबॉल लीगची स्थापना झाली तीसुद्धा मँचेस्टरच्याच रॉयल हॉटेलात, 17 एप्रिल 1888 ला. तेव्हा त्या शहराचाही हक्क आहेच की.

— सॅलफर्डहून

*

दादा,

पैशांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण ज्याला राष्ट्रीय म्हणायचं त्याचा भार एखाद्या महापालिकेच्या ऐपतीवर का टाकायचा? ज्याची तिजोरी मोठी त्याच्याकडे वारसा, असं ठरलं तर लहान गावांनी नुसतं घडवायचं आणि दुसऱ्यांनी मांडायचं. आणि मोठ्या शहरात सगळं आपोआप चालतं असंही नाही. ती काचेची इमारत 2002 मध्ये शहरजीवनाच्या प्रदर्शनासाठी उघडली होती. ते तिथे, भर शहरात, आठच वर्षांत बंद झालं.

रॉयल हॉटेलचं म्हणाल तर बैठक तिथे झाली, पण त्या 12 क्लबांत मँचेस्टरचा एकही नव्हता. सहा लँकेशायर परगण्यातले होते: प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, अ‍ॅक्रिंग्टन आणि एव्हर्टन. बहुतेक गिरण्यांची गावं.

आणखी एक. म्युझियममध्ये फुटबॉलपटू लिली पारचा पुतळा आहे, 2019 पासून. ती खेळायची तो 'डिक, केर लेडीज' संघ प्रेस्टनच्या 'डिक, केर' कारखान्यातल्या मुलींचा. लिली येण्याआधी, 1917 च्या नाताळाच्या दिवशी, त्या मुली डीपडेलला जखमी सैनिकांच्या मदतीसाठी खेळल्या, 10,000 लोक आले. 1920 मध्ये लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला 53,000. पुढच्याच वर्षी असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी केली, ती थेट 1971 पर्यंत. माझी लेक शाळेच्या संघात खेळते. तिला हे मी डीपडेलच्या भिंतीपाशी उभं करून सांगितलंय. तुमच्या मुलींनाही आधी तिथे आणा, मग लिलीचा पुतळा दाखवा.

म्युझियम आता परत येणार नाही, हे मला कळतं. निदान प्रेस्टनकरांनाही मोफत प्रवेश द्या, एवढं तरी आपण लिहून मागू या.

*

मंडळी,

ताईंचं म्हणणं पटलं. सकाळी दहाला प्रेस्टन स्टेशनवर जमायचं, बसने डीपडेल, दुपारच्या ट्रेनने मँचेस्टर. ताई, डीपडेलला माहिती तुम्हीच सांगा. म्युझियमच्या विश्वस्तांना द्यायच्या पत्राचा मसुदाही या आठवड्यात पाठवा, सहलीतच सह्या घेऊ. सॅलफर्डच्या दादांनी पहिली सही करायचं फोनवर कबूल केलंय. डबे ज्याने त्याने आणावेत.

— सचिव