गाडी दारात आली तरी बायका येत नाहीत (म्हणे!)

खडीसाखर: कालच्या चर्चेत एका महाशयांनी लिहिलंय, "मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची गाडी गावात उभी होती, सगळं फुकट, तरी जेमतेम दहा बायका. आपल्या बायकांनाच जिवाची किंमत नाही." डोकंच फिरलं. गाडी आली कधी? ऑक्टोबरात, स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा गुलाबी महिना म्हणून. तेव्हा सोयाबीन काढणीला असतं. वेळ ११ ते ३. रोज बुडवायचा आणि ग्रामपंचायतीच्या पारावरच्या टग्यांदेखत गाडीत चढायचं. आमच्या गावात तर स्टुलावरचा पोऱ्या मोठ्याने नावं पुकारत होता. मी शाळेत शिकवते, तरी तशीच परत फिरले.

तिरकाडोळा: ते महाशय मीच. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत रविवारी ठेवलं होतं. ४० नावं, आल्या ७. तिथे कुठलं सोयाबीन? लग्नाला बरी सुट्टी मिळते.

पाटीवरचाखडू: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: तिशी ते एकोणपन्नाशीतल्या १ टक्का बायकांचीसुद्धा कधी स्तनतपासणी झालेली नाही. देशभरातल्या सगळ्याच बेफिकीर का? आणि गाडीच कशाला हवी? टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्के घटले.

तिरकाडोळा: पन्नाशीपुढच्या! सगळ्या मिळून १५ टक्के, तेही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलं नाही. अर्धं सांगू नका.

पाटीवरचाखडू: मान्य. पण गाठी आधीच्या टप्प्यात सापडल्या, हे तुम्हीही अर्धंच सोडलंत.

आशा_मराठवाडा: 'कार्यकर्त्या' म्हणजे परत आम्ही आशाच ना? घरोघरी जाऊन आजारांच्या प्रश्नांचा सीबॅक फॉर्म भरा, लसीकरण करा, गरोदर बाईला रात्री दवाखान्यात न्या. मागच्या वर्षी मोबदला तीन महिने रखडला होता, त्यावर कुणी चर्चा काढत नाही. फॉर्मात प्रश्न आहे, स्तनात गाठ आहे का. सासू शेजारी शेंगा सोलत बसलेली असते. सून मान खाली घालून "नाही" म्हणते. मी "नाही" वर टिक करते.

तिरकाडोळा: म्हणजे आकडे असे तयार होतात तर!

आशा_मराठवाडा: तोंड सांभाळून बोला दादा. ती सांगते तेच लिहिते. एक दिवस या माझ्यासोबत, चाळीस घरं, भर उन्हात.

खडीसाखर: अहो, विषय तपासणीचा होता…

आशा_मराठवाडा: तोच चाललाय ताई. एकीने मागे गोठ्यात नेऊन गाठ दाखवली. चिठ्ठी दिली. सोनोग्राफीला एकदा, सुई घालायला एकदा, रिपोर्टला एकदा, तीनदा जिल्ह्याला. दुसऱ्या खेपेला नवरा म्हणाला, पुरे. पुढच्या वर्षी मी त्याच घरी मयतीला गेले.

तिरकाडोळा: …माझ्या आईनेही सहा महिने सांगितलं नव्हतं. दुखत नाही ना, मग कशाला, म्हणायची. म्हणूनच चिडतो मी. असो. ऑक्टोबर चुकला, घ्या. आता तारीख सोयाबीनला विचारून ठरवतो.

खडीसाखर: जानेवारीत ठेवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकाच बायका असतात. वाणाबरोबर नर्स बसवा आतल्या खोलीत.

तिरकाडोळा: आणि आईसारख्यांना कोण बोलावणार? पन्नाशीतच कुंकू पुसलं होतं तिचं.

खडीसाखर: …हे डोक्यातच आलं नाही.