न्यूस्टेडचा बास ऐकूच का येत नाही? आणि मेटालिका सोडली कशाला?

चारतारा_भुसावळ:
मंडळी शंका आहे, हसू नका. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' अल्बम लावला, हेडफोन बदलून पाहिले, भाच्याच्या गाडीत लावून पाहिला, बास गिटार काही सापडेना. जेसन न्यूस्टेड वाजवतोय म्हणतात मग गेला कुठे? आणि एवढा मोठा बँड सोडून कोण जातं राव? मी पण बास शिकू राहिलो, घरचे रोज विचारतात यानं पोट भरणार का.

तापीकाठचा:
हेडफोन बरोबर आहेत भो तुझे. बठ्ठा खेय मिक्सिंगना शे, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कमी-जास्त करून जुळवण्याचा. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनला बस उलटून मेटालिकाचा आधीचा बासवाला क्लिफ बर्टन गेला, वय फक्त २४, आणि महिन्याभरात न्यूस्टेडला घेतलं. आधीच्या फ्लॉटसम अँड जेटसम बँडमध्ये हा गाणी लिहायचा, पुढारीच होता म्हण ना, आणि इथे आल्यावर एकदम नवखा, वरून बाकीच्यांनी यथेच्छ छळला. मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने नंतर सांगितलं की बास खाली घ्यायला ड्रमवाल्या लार्सनेच लावलं. शिवाय न्यूस्टेड पिकने (तारा छेडायची छोटी चकती) वाजवायचा आणि बऱ्याच ठिकाणी गायक-गिटारवाल्या हेटफिल्डचा रिफच (गिटारची परत परत येणारी धून) खालच्या सुरात धरायचा, त्यात गिटारचा आवाजही खालून भरलेला, मग जे थोडंफार उरलं तेही त्यातच गडप. बर्टन बोटांनी वाजवायचा आणि मध्येच स्वतःची वेगळी वाट धरायचा म्हणून तो कानाला पटकन सापडतो.

धुळ्याचा_बेसवाला:
आमच्याकडे उलटंच आहे, वरातीतल्या डीजेत फक्त बासच असतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात पण गाणं कोणतं ते कळत नाही 😄
मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, हळदीला अहिराणी गाणी, मग हिंदी. पोटाचं विचारशील तर सिझनला बरं चालतं, पावसाळ्यात दुसरं काहीतरी बघावं लागतं, घरच्यांना हेच सांग. मेटल वाजवून आपल्या भागात पैसे नाहीत पण मेटलने हात तयार होतो, ढोलकीबरोबर ताल धरताना तो कामाला येतो. आणि मे महिन्यात बास गाडीत ठेवू नकोस, नेक म्हणजे दांडा वाकतो, मग तारा त्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्यांवर खडखडतात.

खान्देशी_हेडबँगर:
न्यूस्टेडला उगाच बिचारा करू नका. त्याच अल्बममधल्या 'ब्लॅकन्ड' गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव आहे, १९९१ च्या काळ्या कव्हरच्या 'मेटालिका' अल्बममध्ये बास छान ऐकू येतो, लाइव्हला तर बॅकिंग आवाजही त्याचाच दणदणीत. सोडलं ते जानेवारी २००१ ला. एकोब्रेन म्हणून त्याचा बाजूचा बँड होता, हेटफिल्डला ते खपलं नाही, आणि इतकी वर्षं स्टेजवर जोरात डोकं झटकून शरीराची वाट लागली हे त्याने स्वतः जाहीर सांगितलं. माझ्या मते त्याचं बरोबर होतं, १४ वर्षांनीही बाहेर चार गाणी वाजवायला परवानगी लागत असेल तर तो बँड कसला, नोकरीच झाली. पुढची गंमत म्हणजे २००३ मध्ये गायक ऑझी ऑस्बर्नचा बासवाला रॉबर्ट त्रुहियो मेटालिकात गेला आणि न्यूस्टेड ऑझीकडे! त्याआधीच तो व्हॉइव्हॉड बँडमध्ये शिरला होता. नंतर चित्रंही काढायला लागला. म्हणजे मेटालिका सोडून माणूस संपला वगैरे काही नाही.

तापीकाठचा:
@चारतारा_भुसावळ सरावाला तोच अल्बम घे. बासची जागा मोकळीच आहे, तू वाजव, कोणाचा अडथळा नाही.

चारतारा_भुसावळ:
हे भारी आहे 😂 रात्री लावतो, शेजारच्या काकू काय म्हणतात ते सांगतो.