मदत हवी आहे: कॉलेजातल्या प्राध्यापकांचं शिकवणं तपासायचं आणि सुधारायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, यंदापासून आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम माझ्याकडे आलंय. प्राचार्यांचं म्हणणं आहे की पुढच्या सेमिस्टरपासून शिक्षकांच्या शिकवण्याचं मूल्यमापन करायची नीट पद्धत बसवा, आणि ती नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीपुरती नको, वर्गात फरक पडला पाहिजे. ते हे अगदी मनापासून म्हणतायत, म्हणून मलाही ते काम घाईत उरकायचं नाहीये. इथे बरेच प्राध्यापक आहेत, कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सध्या काय होतं ते सांगते. सेमिस्टर संपताना गूगल फॉर्म जातो, पाचपैकी मार्क द्यायचे, सर वेळेवर येतात का, सिलॅबस पूर्ण करतात का, आवाज ऐकू येतो का वगैरे. बहुतेक सगळ्यांना चारच्या वर मिळतात, त्याचा ग्राफ काढून फाईलला लागतो. ज्या मुलांनी तो भरला ती तोवर पुढच्या सेममध्ये गेलेली असतात, म्हणजे काही बदललं तरी त्यांना उपयोग नाही. आणि सरासरी ४.२ आली म्हणजे त्या शिक्षकाने उद्या वर्गात जाऊन नेमकं काय वेगळं करायचं, हे त्यातून कुणालाच कळत नाही.

कॅस, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची योजना, तिच्यात तरी काही मिळेल म्हणून यूजीसीचं २०१८ चं रेग्युलेशन परत नीट वाचलं. त्यात टीचिंगचं मोजमाप म्हणजे नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले त्याची टक्केवारी, ८० टक्के किंवा जास्त तर गुड, ७० ते ८० सॅटिसफॅक्टरी, त्याखाली नॉट सॅटिसफॅक्टरी. तास झाला का याचा हिशोब आहे, पण तासात मुलांना काही समजलं का याचा नाही. हे मला फार लागलं, कारण आपल्याला नेट-सेट किंवा पीएचडी लागते पण शाळेतल्या शिक्षकासारखं बीएड लागत नाही, म्हणजे शिकवायचं कसं हे बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं. पूर्वीचं अकॅडमिक स्टाफ कॉलेज, मग एचआरडीसी, आता मालवीय मिशनचं सेंटर, या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाच्या जागा, तिथले इंडक्शन आणि रिफ्रेशर कोर्स आहेत आणि त्यातले काही खरंच चांगले असतात. पण परत आल्यावर वर्गात त्यातलं काय उतरलं हे कुणी बघायला येत नाही, आणि सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना, तर तिथे पाठवतच नाहीत. आमच्याकडे एफवायचे (पहिल्या वर्षाचे) निम्मे तास तेच घेतात! मुलांची पहिली गाठ ज्यांच्याशी पडते त्यांच्यासाठीच काही सोय नाही, हे मला अजिबात पटत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांकडे एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या) २०१९ च्या नियमात ३६० डिग्री, म्हणजे सगळ्या बाजूंनी घेतलेला, फीडबॅक आहे, त्यात १०० पैकी २५ मार्क विद्यार्थ्यांच्या फीडबॅकला. तिथल्या कुणी लिहिलं तर बरं, कारण नुसत्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या मार्कांवर माणसाचं प्रमोशन टांगायला माझा विरोध आहे. २०१७ मध्ये उट्ल आणि सहकाऱ्यांचं एक मेटा-अ‍ॅनालिसिस आलं, म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब, त्यात जास्त रेटिंग मिळालेल्या शिक्षकांची मुलं जास्त शिकतात असं काही दिसलं नाही. पुढच्याच वर्षी कॅनडात टोरांटोच्या रायर्सन युनिव्हर्सिटीच्या वादात लवादाने सांगितलं की टेन्युअर (कायम नेमणूक) आणि प्रमोशनसाठी शिकवण्याची परिणामकारकता विद्यार्थ्यांच्या सर्व्हेवरून मोजू नका. मुलांना विचारूच नये असं माझं म्हणणं नाही हां, तास कळला की नाही हे त्यांच्याइतकं कोण सांगणार, पण विचारायचं कधी आणि त्या उत्तराचं करायचं काय हा खरा प्रश्न आहे.

म्हणून डोक्यात असं आहे की सेमच्या मध्यावर, साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात, दुसऱ्या डिपार्टमेंटचे सर किंवा मॅडम वर्गात जातील, शिकवणारे स्वतः बाहेर थांबतील, मुलं चार-पाचच्या गटात बसून दोनच गोष्टी लिहितील, शिकायला कशाची मदत होते आणि कुठे अडतं. मग ते दोघं शिक्षक चहा घेत बोलतील आणि पुढच्या तासाला शिकवणारे मुलांना सांगतील की तुमचं हे ऐकलं, हे बदलतोय, हे बदलता येणार नाही आणि का. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ही पद्धत निघाली, तिला एसजीआयडी (स्मॉल ग्रुप इन्स्ट्रक्शनल डायग्नोसिस) म्हणतात. आमच्याकडे मराठी माध्यमातून आलेली मुलं खूप, ती इंग्रजी फॉर्मवर सगळीकडे चार टिक करून मोकळी होतात, पण गटात मराठीत बोलू दिलं की "मॅडम, मोलॅरिटीचं गणित फळ्यावर पूर्ण सोडवा, मधल्या स्टेप्स गाळू नका" इतकं नेमकं सांगतात. असं कळलं तर दुसऱ्या दिवशीच सुधारता येतं.

आता अडचणी. एक तर सीनियर सर म्हणतात की आमच्या वर्गात कुणी येऊन बसायचं म्हणजे इन्स्पेक्शनच, आणि त्यांची भीती खोटी नाही, कारण यापूर्वी फीडबॅक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलेत. माझ्या मते मध्यावरचे हे कागद प्राचार्यांकडे जायलाच नकोत, त्या दोघांतच राहावेत, आणि नॅकला फक्त ही प्रक्रिया झाली एवढंच दाखवावं. हे नॅकच्या टीमला चालतं का? कुणी असं दाखवलंय का? दुसरं, सीएचबीवाल्यांना तासाचेच पैसे, मग या बसण्या-बोलण्याचा वेळ त्यांनी फुकट द्यायचा का? मॅनेजमेंटकडे मानधन मागायचं तर कुठल्या हेडखाली मागू? आणि तिसरं, एकमेकांचा तास बघताना लिहायचं काय, याचा साधा एका पानाचा नमुना कुणाकडे असेल तर हवाय.

अ‍ॅड करतेय: खाली दोघांनी विचारलंय म्हणून सांगते, आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिन्ही आहेत, सुरुवात सायन्सच्या एफवायपासून करायचा विचार आहे, स्वतःचा वर्ग मी सगळ्यात आधी देणार आहे. लॅबमधलं शिकवणं कसं बघायचं यावरही लिहा, तिथे बॅचेस असतात आणि गटाची पद्धत जशीच्या तशी बसेल असं वाटत नाही. नमुना मराठीत असेल तर तो आधी पाठवा, इंग्रजी असेल तरी चालेल, मी मराठी करून इथेच टाकते.