जेनकिन्समध्ये जेडीके १७ दिला, तरी मेव्हन जावा ११ च उचलतंय – मदत हवी आहे

बिल्डफुटलं
मंडळी, जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) वापरतोय. डिक्लेरेटिव्ह पाइपलाइनच्या (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या जेनकिन्सफाइलच्या) टूल्स ब्लॉकमध्ये जेडीके १७ (जावाचा कंपाइलरसह संच) आणि मेव्हन ३.९ (जावा प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) दिलंय. लिनक्स एजंट (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारी मशीनं) दोन: एक अंधेरीच्या ऑफिसात, दुसरा क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. क्लाउडवर बिल्ड व्यवस्थित होतं, अंधेरीवाल्यावर 'इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: १७' येऊन पडतं. त्या मशीनवर जावा ११ आधीपासून आहे आणि जुने प्रोजेक्ट त्यावर असल्याने काढता येत नाही. मॅनेज जेनकिन्समध्ये टूल्सची नावं तपासली, जुळतात.

निळीबत्ती
नावं सोडा. नाव चुकलं असतं तर पाइपलाइन पहिल्या स्टेजपर्यंतही पोचली नसती. या एररचा अर्थ एवढाच की कंपाइल करणारा जावा १७ पेक्षा जुना आहे. ज्या एसएच स्टेपमध्ये (शेल कमांड चालवणाऱ्या पायरीत) बिल्ड पडतं त्यातच आधी जावा_होम (कुठला जावा वापरायचा ते सांगणारं व्हेरिएबल) एको करा, म्हणजे छापून बघा, आणि मेव्हनची कमांड 'एमव्हीएन -व्हर्जन' चालवा. मशीनवर स्वतः लॉगिन करून बघू नका, तिथलं एन्व्हायर्नमेंट वेगळं असतं.

बिल्डफुटलं
जावा_होम १७ चंच दिसतंय. मेव्हन मात्र ११ सांगतंय!

निळीबत्ती
मग सापडलं म्हणा. एमव्हीएन ही साधी शेल स्क्रिप्ट आहे. जावा शोधण्याआधी ती ईटीसी फोल्डरातली मेव्हनआरसी फाइल वाचते, मग युजरच्या होममधली टिंबाने सुरू होणारी त्याच नावाची. कुणीतरी त्यात जावा_होम ११ वर नेऊन ठेवलंय, म्हणून जेनकिन्सने दिलेलं पुसलं जातं. होम बघाल ते एजंट ज्या युजरने चालतो त्याचं, तुमचं नाही.

तात्पुरता उपाय: पाइपलाइनच्या एन्व्हायर्नमेंट ब्लॉकमध्ये मेव्हन_स्किप_आरसी ला काहीही किंमत द्या, या फाइली वाचल्याच जाणार नाहीत. पण त्याच फाइलीत मेव्हन_ऑप्ट्स असेल तर मेमरीची सेटिंगही जाईल, ती पाइपलाइनमध्ये लिहा. खरा उपाय म्हणजे जुन्या प्रोजेक्टांनाही टूल्स ब्लॉकमध्ये जेडीके ११ द्यायचा आणि ती ओळ उडवायची.

घाटकोपर_लूप
एक जोड. एजंट स्वतः कुठल्या जावावर चालतोय तेही बघा. जेनकिन्स २.४७९.१ पासून कंट्रोलर (जेनकिन्सचा मुख्य सर्व्हर) आणि एजंट दोघांनाही किमान जावा १७ लागतो. एजंट ११ वर असेल तर पुढच्या अपग्रेडला जोडलाच जाणार नाही. बिल्डचा जेडीके हा वेगळा विषय, तो ८ असला तरी चालतो.

बिल्डफुटलं
ईटीसीमध्येच होती, एकच ओळ. स्किप टाकल्यावर बिल्ड पास. एजंट १७ वरच आहे. जुन्या प्रोजेक्टांच्या जेनकिन्सफाइली बदलून झाल्या की ती ओळ काढतो. परत कुणी घातली तर लगेच कळेल असं काही?

निळीबत्ती
पोममध्ये (मेव्हनच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये) एन्फोर्सर हे अटी तपासणारं प्लगइन लावा आणि रिक्वायर-जावा-व्हर्जन नियमात रेंज द्या: चौकटी कंस, १७, स्वल्पविराम, १८, गोल कंस. नुसतं १७ लिहिलंत तर '१७ किंवा पुढचं काहीही' असा अर्थ होतो. चुकीचा जावा असेल तर कंपाइलच्या आधीच, व्हॅलिडेट फेजला बिल्ड थांबेल.