'स्लाइम मोल्ड'ला मराठीत काय म्हणावं?

पागोळी: आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पावसाळी नोंदींना 'वर्षावनातली बुरशी' हे शीर्षक चालेल का? कुजक्या ओंडक्यावरच्या पिवळ्या, लिबलिबीत थराला, म्हणजे इंग्रजीतल्या 'स्लाइम मोल्ड'ला, काय म्हणू? भाषांतराच्या यंत्राने 'स्लाइम साचा' दिलंय.

ऐन: 'साचा' आधी खोडा, तो मोदकाचा. 'वर्षावन'ही नको. मुंबईत पाऊस २००० मिलिमीटरच्या वर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात साग, पांगारा उघडे पडतात. हे पानगळीचं जंगल. 'बुरशी' म्हटलं की लोणच्यावरची डोळ्यांसमोर येते. छत्रीवाल्यांना अळंबी किंवा भूछत्रं लिहा, अख्ख्या गटाला कवक.

केतकी: पिवळ्या थराला 'श्लेष्मकवक' हा शब्द रूढ आहे, पण त्यातलं 'कवक' फसवं. हा जीव अमिबाच्या गोतातला. कवक अन्न बाहेरच विरघळवून शोषतं. हा जिवाणू गिळत सरकतो. सकाळी सालीखाली असलेला थर संध्याकाळी वर आलेला दिसतो. मी 'श्लेष्मजीव' लिहीन.

ऐन: केतकीताई, 'कवक' काढलंत ते उत्तम, पण 'श्लेष्म' म्हणजे बुळबुळीत, ते अर्ध्याच आयुष्याला लागू पडतं. स्टेमोनायटिस हा श्लेष्मजीव पिकला की केसासारख्या देठांवर तपकिरी तुऱ्यांचा झुबका, जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उंच. फुंकर मारली की कोरडी पूड उडते, बुळबुळीत काहीच नाही. म्हणून नावापुढे अवस्था लिहाच: 'सरकता थर' की 'बीजाणुधानी' (बीजाणूंची पूड धरणारा पिकलेला भाग).

केतकी: मान्य. ओळख पटते तीही बहुधा बीजाणुधानीवरूनच. सरकता थर खरवडून आणला तर न पिकताच सुकतो. जागेची खूण करून दुसऱ्या दिवशी पाहा. पिकलेला नमुना लाकडाच्या तुकड्यासकट काडेपेटीच्या तळाला गोंदाने चिकटवा. प्लास्टिकच्या पिशवीला घाम सुटतो आणि नमुन्यावर खरोखरची बुरशी चढते.

पागोळी: उद्यानातून नमुना न्यायला वनखात्याची परवानगी लागते. ती नसेल तर?

ऐन: सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाची गळालेली साल घ्या, तिच्यावर श्लेष्मजीव घरीच उगवून पाहा. पेट्री डिशमध्ये (झाकणाच्या उथळ बशीत) टिपकागद, त्यावर सालीचे तुकडे एकमेकांना न चिकटवता. डिस्टिल्ड पाण्यात २४ तास बुडवा, मग पाणी ओतून टाका. झाकून सावलीत ठेवा आणि दोन-तीन आठवडे रोज १० पट भिंगातून पाहा. तळाला पाणी साचलं तर साधी बुरशीच सगळं व्यापते. याला इंग्रजीत 'मॉइस्ट चेंबर' म्हणतात.

केतकी: मराठीत 'दमट डबी' लिहा. 'आर्द्र कक्ष' म्हटलं की खोली वाटते.